अठ्ठाविसावं राज्य

२० जुलै १८६८ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांनी एक जाहीरनामा काढला. घटनादुरुस्ती मंजूर झाली की नाही हे देशाला कळवण्याचं काम त्या काळी परराष्ट्रमंत्र्याकडे असे. कोणत्या राज्यांच्या विधिमंडळांची होकारपत्रं आली ती मोजायची आणि तीन चतुर्थांश भरली की तसं जाहीर करायचं, एवढंच ते काम. पण सीवर्ड यांच्या या कागदात एक ‘जर’ होता. ओहायो आणि न्यू जर्सी या दोन राज्यांनी आधी होकार दिला होता आणि नंतर तो मागे घेतला होता. त्यांचा पहिला होकार कायम धरला, तर चौदावी घटनादुरुस्ती मंजूर झाली, असं तो कागद सांगत होता. नाही धरला, तर एक राज्य कमी पडत होतं.

या माणसाच्या चेहऱ्यावर सुरीच्या जखमेची खूण होती. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याच सुमाराला त्याच कटातला दुसरा मारेकरी सीवर्ड यांच्या घरात शिरला होता. घोडागाडीच्या अपघातात जबडा मोडल्यामुळे सीवर्ड अंथरुणाला खिळलेले होते. मारेकऱ्याने त्यांच्यावर सुरीचे वार केले. ते वाचले. गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धाची खूण चेहऱ्यावर वागवणारा हा मंत्री आता होकार मोजत बसला होता आणि मोजताना अडखळत होता.

तो का अडखळला, हे समजून घेण्यासारखं आहे. फुटलेला देश पुन्हा एक करताना नवा कायदा करायचा, तर त्याला संमती कोणाची घ्यायची? जिंकलेल्यांची, हरलेल्यांची, की ज्यांना त्या देशात कधी माणूस म्हणून मोजलंच नव्हतं त्यांची? चौदाव्या दुरुस्तीच्या मंजुरीचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

नियम आणि त्यातली अडचण

अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदात दुरुस्तीची रीत दिली आहे. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने प्रस्ताव संमत करायचा आणि मग तीन चतुर्थांश राज्यांनी त्याला मंजुरी द्यायची. राष्ट्राध्यक्षाच्या सहीची त्यात गरज नाही. शांततेच्या काळात हे साधं गणित आहे. पण दक्षिणेतली अकरा राज्यं बंड करून बाहेर पडली, चार वर्षं लढली आणि हरली, तर तीन चतुर्थांश काढायचे ते कशाचे?

लिंकन यांची भूमिका स्पष्ट होती. संघराज्य मोडताच येत नाही. बंड माणसांनी केलं, राज्यं मात्र जागच्या जागीच आहेत. पेनसिल्व्हेनियाचे खासदार थॅडियस स्टीव्हन्स यांना हे मान्य नव्हतं. ही राज्यं आता जिंकलेला मुलूख आहेत, असं ते म्हणत. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांच्या मते बंड करून या राज्यांनी स्वतःचा राज्य म्हणून असलेला दर्जाच संपवला होता. तात्त्विक वाटणाऱ्या या वादावर प्रत्यक्ष आकडा ठरणार होता.

गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती काँग्रेसने ३१ जानेवारी १८६५ रोजी संमत केली, तेव्हा युद्ध अजून चालू होतं. देशात तेव्हा ३६ राज्यं होती, म्हणजे मंजुरीला २७ हवी होती. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेली राज्यं फक्त २५. त्यातल्या न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकीने तर प्रस्ताव फेटाळला होता. बंडखोर राज्यं मोजल्याशिवाय आकडा भरणारच नव्हता. लिंकन यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं, की परत यायचं असेल तर ही दुरुस्ती मान्य करा. ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाने होकार दिला आणि २७ भरले. त्यातली आठ राज्यं कालपर्यंत बंडखोर होती.

त्याच आठवड्यात दुसरीही एक गोष्ट घडली. ४ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाची बैठक सुरू झाली. सचिव एडवर्ड मॅकफर्सन हजेरी घेऊ लागले आणि दक्षिणेतून निवडून आलेल्यांची नावं त्यांनी वाचलीच नाहीत. माणसं सभागृहात हजर होती, पण त्यांची नोंद झाली नाही. म्हणजे या राज्यांचा होकार मोजायला चालत होता आणि त्यांचे खासदार चालत नव्हते. ही विसंगती कोणाच्या नजरेतून सुटली नव्हती. ती लवकरच पुन्हा समोर येणार होती.

पाच माणसं, मोजणीत तीन

तेराव्या दुरुस्तीने बेड्या तुटल्या, पण मोकळा झालेला माणूस कोण, याचं उत्तर तिने दिलं नाही. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल दिला होता. तो निकाल अजून पुसला गेला नव्हता. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच ‘ब्लॅक कोड’ म्हणून ओळखले जाणारे कायदे केले. मिसिसिपीत दर जानेवारीत प्रत्येक कृष्णवर्णीयाने आपण कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर भटका ठरवून दंड करायचा, आणि दंड भरता आला नाही तर तो भरणाऱ्याकडे राबायला पाठवायचं. विकत घेण्याच्या जागी दंड आला, एवढाच फरक.

शिवाय एक विचित्र गणित होतं. मूळ घटनेत प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली जात. गुलामगिरी संपल्यावर पाचाचे पाच मोजले जाणार होते. त्यांना मताचा अधिकार मात्र कोणी देणार नव्हतं. युद्ध हरलेल्या मालकांना युद्धापूर्वीपेक्षा जास्त जागा मिळणार होत्या, आणि त्याही ज्यांना त्यांनी गुलाम ठेवलं होतं त्यांच्या डोक्यांवर. जानेवारी १८६६ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने बंडखोर सरकारच्या माजी उपाध्यक्षालाच सिनेटवर निवडून दिलं, तेव्हा हा धोका उत्तरेला डोळ्यांसमोर दिसला.

काँग्रेसच्या १५ जणांच्या संयुक्त समितीने यावर तोडगा काढला. चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं कलम ओहायोचे खासदार जॉन बिंगहॅम यांच्या लेखणीचं ऋणी आहे. त्यातला नागरिकत्वाचा भाग नंतर सिनेटमध्ये जोडला गेला. अमेरिकेत जन्मलेली आणि तिथल्या कायद्याच्या कक्षेत येणारी प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणत्याही राज्याने कोणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ नये आणि कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारू नये. दुसऱ्या कलमात पाचास तीनचं गणित गेलं. प्रौढ पुरुषांना मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी होतील, असं त्यात आलं. तिसऱ्या कलमाने, घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात गेलेल्यांना पदाची दारं बंद केली. चौथ्याने बंडखोरांचं कर्ज आणि गुलाम गमावल्याची भरपाई कायमची रद्द ठरवली.

यात एक घाव होता, तोही सांगायला हवा. ‘पुरुष’ हा शब्द अमेरिकी घटनेत पहिल्यांदा आला तो याच दुरुस्तीतून. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य घालवलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुसान अँथनी यांना तो जिव्हारी लागला आणि त्यांचं दुःख रास्त होतं.

१३ जून १८६६ रोजी प्रतिनिधिगृहाने शेवटची मान्यता दिली आणि प्रस्ताव राज्यांकडे गेला.

नॅशव्हिलमधली कोंडलेली दोन माणसं

कनेक्टिकट आणि न्यू हॅम्पशायर यांनी होकार दिला. मग पाळी आली टेनेसीची. हे बंडात गेलेलं राज्य, शिवाय अध्यक्ष जॉन्सन यांचं स्वतःचं. तिथले गव्हर्नर विल्यम ब्राउनलो मात्र जॉन्सन यांचे कट्टर विरोधक. त्यांनी जुलैमध्ये विधिमंडळाची खास बैठक बोलावली. विरोधकांनी वेगळाच मार्ग धरला. मतदानात हरण्यापेक्षा यायचंच नाही, म्हणजे गणसंख्या भरणार नाही आणि प्रस्ताव लटकेल. ८४ जणांच्या सभागृहात ५६ जण हवे होते आणि हजर होते ५४.

मग सभागृहाच्या हुकमाने दोन गैरहजर सदस्यांना पकडून आणलं गेलं आणि शेजारच्या खोलीत बसवलं गेलं. त्यांच्यापैकी एकाने कोर्टाकडून सुटकेचा हुकूम मिळवला, पण सभागृहाने तो जुमानला नाही. मतदान झालं, ४३ विरुद्ध ११. गणसंख्या भरलेली नाही, असं सभापतींनी सांगितलं. सभागृहाने तेही फिरवलं आणि खोलीतले ते दोघे हजर धरले. २४ जुलै १८६६ रोजी टेनेसीला संघराज्यात परत घेण्यात आलं.

हे चित्र सुखद नाही. पण उरलेल्या दहा राज्यांत काय झालं, तेही पाहायला हवं. टेक्सासपासून सुरुवात झाली आणि १८६७ च्या सुरुवातीपर्यंत दहाही विधिमंडळांनी दुरुस्ती फेटाळली. कुठे एखाददुसरं मत बाजूने पडलं, कुठे एकही नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि कोणाला कोंडावं लागलं नाही. पण ज्यांच्या नागरिकत्वाचा हा प्रस्ताव होता, त्यांच्यातला एकही जण त्या विधिमंडळांत नव्हता आणि त्या निवडणुकांत त्यांना मत नव्हतं. दक्षिण कॅरोलिना आणि मिसिसिपीत तर ते निम्म्याहून जास्त होते. निम्म्याहून जास्त लोकांना बाहेर ठेवून दिलेल्या नकाराला राज्याचा नकार कसं म्हणायचं?

मार्च १८६७ मध्ये नेब्रास्का सामील झाल्यावर राज्यं झाली ३७ आणि हवी होती २८. दहा जणांनी नकार धरून ठेवला तर उरतात २७. दहाचा तो गट एकटाच दार अडवून उभा राहू शकत होता.

मतदारयादी

काँग्रेसने मग दुसरा रस्ता काढला. २ मार्च १८६७ रोजी पुनर्रचनेचा कायदा झाला. अध्यक्षांनी तो नाकारला आणि त्याच दिवशी काँग्रेसने दोन तृतीयांश बहुमताने तो नकार मोडून काढला. दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग झाले. परत यायचं तर वर्णाचा भेद न करता प्रौढ पुरुषांच्या मतांनी घटना समिती निवडायची, नवी राज्यघटना करायची, नव्या विधिमंडळाने चौदावी दुरुस्ती मंजूर करायची आणि दुरुस्ती देशभर लागू झाली, की मग खासदारांना जागा.

त्या उन्हाळ्यात लष्कराच्या देखरेखीखाली मतदारयाद्या झाल्या. सात लाखांहून जास्त कृष्णवर्णीय पुरुषांनी नावं नोंदवली. दोन-तीन वर्षांपूर्वी यांतल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली असलीच, तर मालकाच्या मालमत्तेच्या यादीत.

यांतल्या एकाला जवळून पाहू. रॉबर्ट स्मॉल्स यांचा जन्म १८३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या ब्यूफर्ट गावी गुलाम म्हणून झाला. युद्धात ते चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या बंडखोरांच्या जहाजावर सुकाणू सांभाळत. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्यांनी जहाज सोडलं. वाटेत बायको-मुलांना आणि इतर गुलाम साथीदारांच्या कुटुंबांना घेतलं. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, त्याच्यासारखे उभे राहिले आणि प्रत्येक किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी वाजवत तोफांच्या टप्प्यातून जहाज बाहेर काढलं. फोर्ट समटर मागे पडल्यावर पांढरी चादर फडकवली आणि जहाज उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं.

जानेवारी १८६८ मध्ये त्याच चार्ल्सटनमध्ये राज्याची घटना समिती भरली. १२४ प्रतिनिधींपैकी ७६ कृष्णवर्णीय होते आणि त्यांत स्मॉल्स होते. गोऱ्या-काळ्या सगळ्या मुलांना मोफत सार्वजनिक शाळा मिळाव्यात, असा आग्रह त्यांनी धरला. नव्या विधिमंडळातही ते निवडून आले. त्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं आणि जुलैमध्ये त्याच विधिमंडळाने चौदाव्या दुरुस्तीला होकार दिला.

विरोधक तेव्हा म्हणाले आणि पुढेही म्हणत राहिले, की हा होकार संगिनीच्या टोकावर घेतला गेला. लष्कर तिथे होतं, हे खरं. अलाबामात गोऱ्यांनी बहिष्कार टाकल्यामुळे नव्या घटनेवरचं मतदान अपुरं पडलं, तेव्हा काँग्रेसने नियमच बदलला, हेही खरं. पण संगिनी नसत्या तर त्या सात लाखांना यादीपर्यंत पोहोचू कोणी दिलं असतं? मे १८६६ मध्ये मेम्फिसमध्ये आणि जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. त्या सैनिकांच्या पहाऱ्यात दक्षिणेच्या इतिहासात पहिल्यांदाच राज्य नावाच्या शब्दात तिथली कृष्णवर्णीय माणसं आली.

एका दिवसाचं अंतर

दरम्यान उत्तरेचा उत्साह ओसरत होता. ऑक्टोबर १८६७ मध्ये ओहायोच्या मतदारांनी आपल्याच राज्यातल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्याचा प्रस्ताव फेटाळला. त्याच निवडणुकीत तिथलं विधिमंडळ डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती गेलं आणि जानेवारी १८६८ मध्ये त्याने आधीचा होकार मागे घेतला. न्यू जर्सीनेही तेच केलं. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळाने मोडून काढला.

दिलेला होकार मागे घेता येतो का? घटनेत याबद्दल एक अक्षरही नाही. म्हणून सीवर्ड अडखळले. २० जुलैला त्यांच्यासमोर २९ राज्यांचे होकार होते. ओहायो आणि न्यू जर्सी वगळले तर २७.

२१ जुलैला काँग्रेसने ठराव करून सांगून टाकलं, की दुरुस्ती मंजूर झाली आहे, ‘जर’चा प्रश्नच नाही. त्याच दिवशी जॉर्जियाच्या विधिमंडळाने होकार दिला. आता त्या दोन राज्यांना वगळूनही २८ भरत होते. २८ जुलै १८६८ रोजी सीवर्ड यांनी दुसरा जाहीरनामा काढला. त्यात ‘जर’ नव्हता.

या गणितातलं मर्म मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उत्तरेतली दोन राज्यं मागे सरली आणि ती तूट भरून काढली दक्षिणेतल्या नव्या विधिमंडळांनी. त्या विधिमंडळांना निवडून देणाऱ्यांत नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांची मतं होती. ज्यांना ही दुरुस्ती नागरिक म्हणणार होती, त्यांनी नागरिकासारखं मत देऊन ती आणली. आपलं नागरिकत्व त्यांनी स्वतःच्या हाताने घटनेत लिहिलं.

पुढची शंभर वर्षं

ही गोष्ट इथे गोड होऊन संपली नाही. जुलैमध्ये होकार देणाऱ्या जॉर्जियाच्या विधिमंडळाने सप्टेंबरमध्ये आपल्याच कृष्णवर्णीय सदस्यांना हाकलून दिलं. मत देण्याचा अधिकार म्हणजे पदावर बसण्याचा अधिकार नव्हे, असं कारण दिलं. हाकललेल्यांपैकी हेन्री मॅकनील टर्नर यांनी भर सभागृहात उभं राहून आपलं माणूसपण मांडलं. जॉर्जियावर पुन्हा लष्करी अंमल आला आणि १८७० मध्ये ते सदस्य आपल्या जागांवर परतले.

१८७७ नंतर दक्षिणेतल्या राजकारणावरचा लष्कराचा पहारा उठला. १८९५ मध्ये दक्षिण कॅरोलिनात पुन्हा घटना समिती भरली, ती कृष्णवर्णीयांचं मत काढून घेण्यासाठी. वयाने पन्नाशी ओलांडलेले रॉबर्ट स्मॉल्स तिथेही होते. मूठभर कृष्णवर्णीय प्रतिनिधींतले एक म्हणून ते उभे राहिले, बोलले आणि हरले. पुढच्याच वर्षी प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरलं आणि समान संरक्षणाची ओळ जवळजवळ झोपी गेली.

पण लिहिलेली ओळ पुसायची तर पुन्हा तीन चतुर्थांश राज्यं हवी होती. मंजुरीची अट जितकी अवघड, तितकीच तिची राखणही पक्की. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात न्यायालयाने त्याच ओळीच्या आधारे वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात एकत्र आणलेल्या खटल्यांपैकी एक दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन जिल्ह्यातून आला होता. ज्या राज्याच्या घटना समितीत स्मॉल्स सगळ्या मुलांसाठी शाळा मागत होते, त्याच राज्यातल्या आईबापांनी ऐंशीहून जास्त वर्षांनी त्या दुरुस्तीचं बोट धरून कोर्टाचं दार ठोठावलं होतं. ओहायो आणि न्यू जर्सी यांनी २००३ मध्ये आपला होकार पुन्हा नोंदवला.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. दुरुस्ती मंजूर झाल्यावर पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घडवलेल्या भारतीय राज्यघटनेत कायद्याच्या समान संरक्षणाची हमी आली, ती अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या शब्दांतून. योगायोग असा, की आपल्याकडेही ते कलम चौदावंच आहे. आणि आपल्या ३६८ व्या कलमाप्रमाणे घटनेतले काही भाग बदलायचे तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते.

‘निम्मी राज्यं’, ‘तीन चतुर्थांश राज्यं’ हे शब्द वाचताना आपण अपूर्णांक पाहतो आणि पुढे जातो. १८६६-६७ मध्येही दक्षिणेतल्या दहा राज्यांनी अपूर्णांक बरोबरच मांडला होता. फक्त खालच्या आकड्यात मुक्त झालेली माणसं धरली नव्हती. १८६८ मध्ये ती धरली गेली आणि उत्तर बदललं. घटनेला संमती मिळाली, असं कोणी सांगितलं की आधी विचारावं, मोजताना कोणाचं नाव वाचलं गेलं आणि कोणाचं गाळलं.